आधी ओल, मग शेकरू: मावळात बाळाच्या खोलीला किती खर्च येतो

लोणावळ्यात वर्षाला सरासरी चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. तालुक्याच्या पूर्वेला तळेगाव दाभाडेपर्यंत येता येता त्याचा जोर कितीतरी ओसरतो. बाळाची खोली रान, पाखरे, पाऊस अशी सजवायची मनात असेल, तर मावळातल्या आईबाबांनी पहिला आकडा मांडतानाच आपले घर या पट्ट्यात नेमके कुठे आहे ते पाहावे. तळेगाव-वडगावात हिशेब रंगापासून सुरू केला तरी चालतो. कामशेतच्या पुढे, मळवली, कार्ला, लोणावळा, खंडाळा किंवा पवनाकाठी घर असेल तर तो ओलीपासून सुरू करावा लागतो. शेकरूचे देखणे चित्र काढलेल्या भिंतीवर ऑगस्टमध्ये काळी बुरशी चढली तर पैसे तर जातातच. शिवाय तीच हवा तान्हे बाळ दिवसरात्र श्वासात घेते.

पुढे दिलेले दर लोणावळा ते पिंपरी-चिंचवड या पट्ट्यातले अंदाजे आहेत आणि वेगळे सांगितले नसेल तिथे मजुरी धरून आहेत. गावागणिक, कारागिरागणिक ते खालीवर होतील. तीन ठिकाणी विचारल्याशिवाय काम देऊ नये.

खोली लागणार कधी?

हा प्रश्न आधी सोडवला तर निम्मा खर्च आपोआप कमी होतो. आपल्याकडे पहिल्या बाळंतपणाला मुलगी माहेरी जाते. बारसे बहुधा तिथेच होते आणि बाळ सासरी येते ते दीड, कधी तीन महिन्यांचे होऊन. म्हणजे सातव्या महिन्यात घाईघाईने खोली पूर्ण करण्याचे कारण नसते. दुसरे म्हणजे, निदान पहिले सहा महिने बाळाने आईबाबांच्याच खोलीत, पण स्वतःच्या वेगळ्या बिछान्यावर झोपावे असा बालरोगतज्ज्ञांचा सल्ला आहे. म्हणून माझे स्पष्ट मत असे की, वर्षभर तरी वेगळ्या खोलीचा विचार सोडावा आणि आपल्याच खोलीचा एक कोपरा बाळाचा करावा. घरात रिकामी खोली असली तरी ती बाळ रांगायला लागल्यावर खेळायला कामी येते, आणि तोवर सजावटीचे पैसे थांबू शकतात.

माहेर आणि सासर अशी दोन घरे असतील तर सुट्या करून नेता येतील अशाच वस्तू घ्या: खिट्ट्यांचा पाळणा, घडीची मच्छरदाणी, भिंतीवर टांगायचे कापडी चित्र. पुण्याहून लोणावळ्याला छोटा टेम्पो केला तर अडीच ते चार हजार जातात. दोनदा सामान हलवायची वेळ आली तर तेवढ्यात एक चांगली गादी आणि पडदे झाले असते.

भिंत: पैसे इथे आधी

ओल चार वाटांनी येते. नैऋत्येच्या झडीचा मारा बसणाऱ्या बाहेरच्या भिंतीतून, वरच्या स्लॅबमधून, पलीकडच्या न्हाणीघरातून आणि जुन्या दगडी किंवा विटांच्या घरात जमिनीतून वर. चारही वाटांचे उपाय वेगळे आणि खर्चही वेगळे, म्हणून आधी ओल कुठून येते ते शोधा. एक फूट लांब-रुंद प्लास्टिकचा जाड तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीवर घट्ट लावा आणि एक-दोन दिवसांनी पाहा. थेंब प्लास्टिकच्या मागे, भिंतीच्या बाजूला जमले असतील तर भिंतीत पाणी आहे. खोलीच्या बाजूला जमले असतील तर खोलीची हवा दमट आहे. पहिल्याला गवंडी लागतो, दुसऱ्याला वारा किंवा यंत्र. ही चाचणी पावसाळ्यातच खरी उत्तरे देते. उन्हाळ्यात घर पाहत असाल तर पोपडे, पांढरी खार आणि खिडकीच्या कोपऱ्यातले पिवळे डाग शोधा.

बाहेरच्या भिंतीच्या भेगा भरून त्यावर जलरोधक लेप द्यायला चौरस फुटाला ३५ ते ७० रुपये पडतात. बारा फूट लांब, दहा फूट उंच भिंत म्हणजे १२० चौरस फूट, म्हणजे ४,२०० ते ८,४०० रुपये. वरच्या मजल्यावर परांचीचे तीन-चार हजार वेगळे. न्हाणीघराच्या फरशीचे सांधे भरून घ्यायला आठ ते पंधरा हजार लागतात. आतून जलरोधक रंग मारून देतो, तीन हजारांत काम होईल, असे सांगणारा कोणीतरी भेटतोच. बाहेरून पाणी येत असताना आतून रंग मारला तर ते पाणी भिंतीतच कोंडते आणि पुढच्या पावसाळ्यात पोपड्यांसकट बाहेर येते. त्या वाटेला जाऊ नका.

सोसायटीत राहत असाल तर एक लक्षात ठेवा. बाहेरच्या भिंतीतून आणि सामाईक नळांमधून होणाऱ्या गळतीची दुरुस्ती आदर्श उपविधींप्रमाणे सोसायटीच्या खर्चाने व्हायची असते. समितीला लेखी अर्ज जानेवारी-फेब्रुवारीत द्या. एप्रिल-मे महिन्यांत सगळ्या तालुक्याला एकाच वेळी जलरोधकाचे आणि रंगाचे कारागीर हवे असतात; तेव्हा दर चढतात आणि हाताला घाई असते.

गावात कौलारू किंवा पत्र्याचे घर असेल, तर पावसाच्या बाजूच्या भिंतीला मे महिन्यात पत्रा किंवा ताडपत्री बांधण्याची जुनी रीत हजार-दोन हजारांत होणारा सगळ्यात भरवशाचा उपाय आहे.

हवेतला दमटपणा मोजायला ३०० ते ६०० रुपयांचा छोटा हायग्रोमीटर मिळतो. या लेखातली ही सगळ्यात उपयोगी खरेदी. आकडा ६० टक्क्यांच्या आत राहिला तर बुरशीला बळ मिळत नाही. लोणावळ्याच्या जुलैत उघड्या खिडकीने ते जमत नाही. घरात एसी असेल तर त्याचा ड्राय मोड आधी वापरून पाहा. नसेल तर दिवसाला दहा-बारा लिटर पाणी ओढणारे डिह्युमिडिफायर साधारण १२ ते २५ हजारांत येते. ते २५० वॉटचे धरले आणि दिवसाला दहा तास चालवले, तर अडीच युनिट होतात. युनिटला दहा रुपये धरून दिवसाचे २५ आणि चार महिन्यांचे तीन हजार रुपये. तीन-चार हजारांत मिळणाऱ्या, पेलाभर पाणी जमवणाऱ्या छोट्या यंत्रांवर पैसे घालू नका. इथल्या हवेपुढे ती टिकत नाहीत.

रंग

दहा बाय बारा फुटांची, दहा फूट उंचीची खोली घ्या. चार भिंती ४४० चौरस फूट, दार-खिडकी वजा जाता सुमारे ४००, छत १२०. एकूण ५२० चौरस फूट. चांगल्या प्रतीचा पाण्यात विरघळणारा, कमी वासाचा इमल्शन रंग, थोडी लांबी-घासणी आणि मजुरी धरून चौरस फुटाला २२ ते ३५ रुपये, म्हणजे साडेअकरा ते अठरा हजार. डिस्टेंपर निम्म्यात होईल, पण दमट भिंतीवर तो भुकटी होऊन झडतो. शेणापासून बनवलेला खादी प्राकृतिक रंग जानेवारी २०२१ मध्ये बाजारात आला, तेव्हा त्याच्या डिस्टेंपरचा दर लिटरला १२० आणि इमल्शनचा २२५ रुपये होता. तो घ्यायचाच असेल तर पश्चिम मावळात इमल्शनच घ्या.

चुन्याची सफेदी मात्र मला मनापासून सुचवावीशी वाटते. चौरस फुटाला पाच-आठ रुपयांत होते, भिंतीला श्वास घेऊ देते आणि चुना अल्कधर्मी असल्याने त्यावर बुरशी सहज धरत नाही. हाताला लागतो हा त्याचा दोष खरा. पाळण्याच्या बाजूच्या भिंतीला चार फुटांपर्यंत इमल्शन आणि वर चुना, असा तोडगा अनेक जुन्या घरांत शोभूनही दिसतो. ओला चुना डोळ्यांना फार घातक, म्हणून काम चालू असताना घरातल्या मुलांना दूर ठेवा.

शिशाबद्दल दोन शब्द. घरगुती रंगात शिसे ९० पीपीएमपेक्षा जास्त असू नये असा नियम भारतात नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहे. डब्यावर तसा उल्लेख पाहूनच घ्या, सुटा रंग घेऊ नका. खरा धोका जुन्या थरांत असतो. जुने दार, खिडकीची चौकट, वडिलोपार्जित पाळणा यांचा तैलरंग कोरडा घासला की शिशाची धूळ उडते. गर्भवतीने त्या कामाच्या जवळही जाऊ नये. घासणी ओली करून, खोली बंद ठेवून, दुसऱ्याने करावी. रंगकाम संपल्यावर खोली निदान तीन-चार आठवडे उघडी राहिली पाहिजे. पावसात खिडक्या उघड्या ठेवता येत नाहीत, म्हणून बाळ जुलै-ऑगस्टमध्ये येणार असेल तर एप्रिलअखेर ब्रश खाली ठेवा.

भिंतीवर कोण असावे?

दुकानात मिळणाऱ्या जंगलाच्या वॉलपेपरवर जिराफ, झेब्रा आणि सिंह असतात. मावळातल्या बाळाला त्याच्याच खिडकीबाहेरचे रान दाखवावे. शेजारच्या भीमाशंकरच्या जंगलातला शेकरू आपला राज्यप्राणी आहे. तिथले अभयारण्य त्याच्यासाठीच राखले गेले. हरियाल राज्यपक्षी, ब्लू मॉरमॉन राज्य फुलपाखरू. पावसाळ्यात पहाटे ओढ्याकाठी शीळ घालणारा कस्तूर, मे-जूनमध्ये राजमाचीच्या झाडांवर लुकलुकणारे काजवे, पठारावरची पिवळी सोनकी, गुलाबी तेरडा, वर्षानुवर्षे थांबून एकदम फुलणारी कारवी, बांधावरचा खेकडा, इंद्रायणी भाताची खाचरे. इंद्रायणी हे वाण वडगाव मावळच्या संशोधन केंद्रातलेच. एवढे सगळे दाराशी असताना आफ्रिकेचे रान विकत आणायची गरज नाही.

वॉलपेपर एका भिंतीला पाच ते बारा हजार पडतो आणि लोणावळ्याच्या दमट भिंतीवर त्याचे कोपरे सुटतात. मोठे प्लास्टिक स्टिकर ३०० ते १,५०० रुपयांत मिळतात, पण त्यांच्यामागे ओल कोंडून बुरशी धरते. इमल्शनवर ॲक्रिलिकने थेट हाताने काढलेले चित्र सगळ्यात टिकाऊ. कला महाविद्यालयातले विद्यार्थी किंवा गावातले पेंटर चौरस फुटाला ८० ते २०० रुपये घेतात, नावाजलेले चित्रकार त्याच्या दुप्पट-तिप्पट. संपूर्ण भिंत भरू नका. पाच बाय सहा फुटांचे एकच झाड, त्यावर एक शेकरू आणि खाली दोन खेकडे पुरतात. तीस चौरस फुटांचे १२० रुपयांनी ३,६०० होतात.

नवजात बाळाला वीस-तीस सेंटिमीटरपर्यंतचेच नीट दिसते आणि त्यालाही ठळक काळे-पांढरे आधी कळते. समोरच्या भिंतीवरचा शेकरू पहिले काही महिने आईसाठीच असतो, आणि रात्री-अपरात्री दूध पाजणाऱ्या आईसाठी तो असावाच. बाळासाठी पाळण्यावरचे चिमणाळे खरे कामाचे. तुळशीबागेत लाकडी किंवा कापडी चिमण्या-पोपटांचे चिमणाळे दोनशे ते सहाशे रुपयांत मिळते. ते हाताच्या टप्प्याबाहेर, पक्क्या गाठीने बांधा आणि बाळ हातांवर उठू लागले की, साधारण पाचव्या महिन्यात, काढून ठेवा. त्याच्या दोऱ्या तेव्हापासून धोक्याच्या होतात.

हौसेने रानातून गोळा केलेल्या बियांच्या माळा टांगणाऱ्यांना एक कळकळीची विनंती. लाल-काळी गुंज बाळाच्या खोलीत कुठेच नको. तिच्या आतले विष जीवघेणे आहे, आणि माळ ओवताना बी टोचले गेले की ते बाहेर यायला वाट मिळते. वाळके घरटे, किडलेली फांदी, कच्चा बांबू यांतूनही भुंगा आणि बुरशी घरात येते.

विकत घ्यायच्या खेळण्यांवर आयएसआय खूण पाहा. १ जानेवारी २०२१ पासून ती सक्तीची आहे. नोंदणीकृत हस्तकला कारागिरांच्या खेळण्यांना मात्र त्यातून सूट आहे. म्हणून सावंतवाडी किंवा चन्नपट्टणची लाकडी खेळणी घेताना विश्वासाचे दुकान निवडा आणि ओल्या पांढऱ्या फडक्याने घासून रंग उतरतो का ते तिथेच पाहा.

पाळणा आणि झोप

इथे पैसे वाचवायला भरपूर वाव आहे. लोखंडी स्टँडचा पाळणा दीड ते चार हजारांत, सागवानी किंवा शिसवी आठ ते वीस हजारांत मिळतो. नात्यात फिरणारा पाळणा असेल तर तोच आणा. खिट्ट्या, कड्या बदलायला आणि स्पिरिट पॉलिशला हजारभर रुपये लागतील. गज सहा सेंटिमीटरपेक्षा लांब-लांब नसावेत, नाहीतर बाळाचे अंग त्यातून घसरून डोके अडकते. पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी आणि रविवारी जुने लाकडी सामान मिळते, पण रंगवलेले असेल तर शिशाची वर सांगितलेली काळजी घ्या. एमडीएफचे फर्निचर पश्चिम मावळात घेऊच नये. ते ओल शोषून फुगते. कपड्यांसाठी लोखंडी कपाट बरे, भिंतीपासून दोन-तीन इंच सोडून ठेवलेले.

गादी घट्ट आणि सपाट हवी. गादीवाल्याकडून कापसाची ठासून भरलेली किंवा काथ्याची, हजार ते अडीच हजार. बाळ उताणे झोपवावे आणि त्याच्या बिछान्यात उशी, लोड, मऊ खेळणी, सैल पांघरूण काही नसावे. पानाच्या आकाराच्या उशा आणि ढगांचे लोड दुकानात फार गोड दिसतात. ते सगळे घेऊ नका. मोहरीच्या उशीचा आग्रह आजी प्रेमाने धरते, तिला बालरोगतज्ज्ञांकडे सोबत न्यावे, म्हणजे ते समजावून सांगतील. गोधडी मात्र जरूर शिवून घ्या, पातळ, जुन्या सुती लुगड्यांची, पाचशे ते दीड हजार मजुरीत. ती अंथरायला आणि बाळाला जमिनीवर खेळायला ठेवायला. जाड गोधडी जुलैत आठवडाभर वाळत नाही.

मच्छरदाणी चारशे ते हजार. खिडकीला जाळी चौरस फुटाला ६० ते १५० रुपये. लोणावळा-खंडाळ्यात माकडे उघड्या खिडकीतून सहज आत येतात, म्हणून जाळीबाहेर लोखंडी गज असल्याशिवाय बाळाच्या खोलीची खिडकी उघडी टाकू नका.

झाडे बाहेर, कपडे दुसऱ्या खोलीत

कुंडीतल्या झाडांनी खोलीची हवा शुद्ध होते हा समज १९८९ मधल्या नासाच्या एका प्रयोगातून पसरला. तो प्रयोग बंद पेटीत झाला होता. घरात तेवढा परिणाम दिसायला खोलीत अक्षरशः जंगल लावावे लागेल. इथे पावसाळ्यात ओली माती उलट दमटपणा आणि चिलटे वाढवते. कुंड्या गॅलरीत, खिडकीसमोर ठेवा. तळेगावच्या बाजूला जुन्या महामार्गालगतच्या रोपवाटिकांत नेचे शंभर-दोनशे रुपयांत आणि अरेका पाम दोनशे ते पाचशेत मिळतात. मनी प्लांट, डिफेनबेकिया आणि कण्हेर मात्र बाळाच्या हाताला लागतील अशा ठिकाणी नकोत. पहिल्या दोन्हींचे पान चावले तर तोंड सुजते आणि कण्हेर हृदयावर परिणाम करते. बशांतले पाणी आठवड्याला ओता, डेंग्यूचा डास तिथेच अंडी घालतो. वनखात्याच्या हद्दीतून आमरी किंवा नेचे उपटून आणू नका. ते बेकायदा तर आहेच, शिवाय ती रोपे घरात जगतही नाहीत.

पावसाळ्यात लंगोट आणि दुपटी वाळवणे हा मावळातल्या आयांचा खरा प्रश्न. बाळाच्या खोलीत दोरी बांधली की हायग्रोमीटरचा काटा लगेच चढतो. पंखा असलेल्या दुसऱ्या खोलीत स्टँड ठेवा. दीड-दोन हजारांत मिळतो. बंद खोलीत कोळशाच्या शेगडीवर कपडे शेकू नका, धुरी देऊ नका. कोळशाचा विषारी वायू डोळ्यांना दिसत नाही, नाकाला कळत नाही. आणि बाळाच्या कपड्यांत डांबराच्या गोळ्या कधीच ठेवू नका. जी-६-पीडी या घटकाची जन्मजात कमतरता असलेल्या बाळात त्यांच्या वाफेने रक्तातल्या पेशी फुटून गंभीर कावीळ होऊ शकते, आणि ती कमतरता आहे की नाही हे बहुतेक घरांना माहीतच नसते.

दोन घरांचा हिशेब

तळेगाव किंवा वडगावातला फ्लॅट, ओल नाही, आईबाबांच्या खोलीतला कोपरा: एका भिंतीचा रंग ३,४००, शेकरूचे चित्र ३,६००, नात्यातल्या पाळण्याची दुरुस्ती १,०००, गादी १,५००, मच्छरदाणी ६००, सुती पडदे २,०००, हायग्रोमीटर ४००, पिवळ्या मंद उजेडाचा दिवा २००, चिमणाळे आणि खुळखुळे ८००. एकूण १३,५०० रुपये.

लोणावळ्यातले घर, झडीची भिंत, पूर्ण खोली: बाहेरचा लेप ६,६००, परांची ३,०००, खोलीचा रंग १३,५००, डिह्युमिडिफायर १६,०००, सागवानी पाळणा १५,०००, गादी २,५००, खिडकीची जाळी १,९००, पन्नास चौरस फुटांचे चित्र ७,५००, लोखंडी कपाट ८,०००, पडदे आणि किरकोळ ३,०००. एकूण ७७,०००. यातले २५,६०० रुपये निव्वळ ओलीशी लढायला जातात. हात आखडता घ्यायचा झाला तर पाळणा मागून आणा, कपाट पुढच्या वर्षावर टाका, चित्र लहान करा; एवढ्याने निदान २५ हजार वाचतात. लेप आणि हवेतला दमटपणा, या दोन खर्चांना हात लावू नका.

कारागिराला काम देताना कागदावर लिहून घ्या: भेगा कशाने भरणार, लेपाचे किती हात, रंग कोणत्या कंपनीचा. सगळे पैसे एकदम देऊ नका. पाचवा हिस्सा जुलैपर्यंत राखून ठेवण्याचे आधीच ठरवा आणि तसे लिहा. चांगला कारागीर याला नाही म्हणत नाही. आठवडाभराची पहिली झड होऊन गेली की कपाटामागे, खिडकीच्या खालच्या कोपऱ्यात आणि छताच्या सांध्याला हात लावून पाहा. कोरडे असेल तर त्याच दिवशी उरलेले पैसे चुकते करा. नसेल तर ओली जागा दाखवायला त्याला लगेच बोलवा, कारण ऊन पडल्यावर गळती कुठून होती ते कोणालाच सापडत नाही.